घरोघरचे मनोवैद्य

ताप आला म्हणजे शेजारी काढा सुचवितो. पण हा विषमज्वरच आहे, असे तो छातीठोकपणे सांगत नाही. मनाच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटत चालला आहे. सहकारी चार दिवस गप्प राहिला की तो ‘डिप्रेशन’चा रोगी, सून दोनदा रडली की ती ‘बायपोलर’, अशी निदाने हल्ली कचेरीत आणि माजघरात सर्रास होऊ लागली आहेत. पूर्वी ‘वेडा’ या एका शब्दावर भागत असे. आता त्यावर शास्त्राचा झगा चढला आहे, एवढाच फरक.

मनोविकारांविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले, हे आम्ही इष्टच मानतो. परंतु आपुलकीने विचारपूस करणे वेगळे आणि रोगाचे नाव दुसऱ्याच्या कपाळी चिकटविणे वेगळे. खिन्नता, सुस्ती ही लक्षणे थायरॉइडच्या विकारातही आढळतात. घरात मृत्यू घडला असता तीच शोकाची स्वाभाविक रूपे असतात. हा भेद रोग्याशी प्रत्यक्ष बोलून, पूर्वेतिहास जाणून आणि प्रसंगी रक्त तपासूनच कळतो.

दुरून केलेले निदान तज्ज्ञांनाही शोभले नाही. १९६४ साली अमेरिकेतील ‘फॅक्ट’ नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी मनोविकारतज्ज्ञांचा कौल घेतला. १,१८९ जणांनी त्यांना न तपासताच अपात्र ठरविले. गोल्डवॉटर यांनी नियतकालिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा जिंकला. पुढे १९७३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीविषयी असे व्यावसायिक मत देणे नीतिबाह्य ठरविले. जे तज्ज्ञाला वर्ज्य, ते शेजाऱ्याला क्षम्य कसे?

आपल्याकडे या उठवळ निदानाचा घाव बहुधा दुबळ्यावर पडतो. हिंदू विवाह कायद्यानुसार विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार घटस्फोटाचे कारण होऊ शकतो. त्यामुळे माजघरात सहज उच्चारलेले नाव उद्या न्यायालयातील अर्जात उतरण्यास वेळ लागत नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव लावल्याने भागत नाही. विकाराची तीव्रताही सिद्ध झाली पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याहून पुढे जातो. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक रूढींशी वर्तन जुळत नाही, या कारणाने कोणास मनोरुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, तेवढ्यावरूनही नाही. कायद्याने घातलेली ही मर्यादा समाजाने जिभेलाही घालून घेतली पाहिजे.

कारण चिकटलेले नाव सहजी पुसले जात नाही. त्याच्या धास्तीने खरा रोगीही वैद्याची पायरी चढण्यास कचरतो. ज्यांना काळजी वाटते त्यांनी रोग्याचे ऐकून घ्यावे, दवाखान्यापर्यंत त्याची सोबत करावी, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्याच्या हाती द्यावा, आणि जिवाला धोका दिसत असेल तर क्षणाचाही विलंब लावू नये. रोगाला नाव देण्याचे काम वैद्याचे आहे. इतरांनी ते हाती घेतले की त्याचे नावे ठेवणे होते.