बाबांचे विमान

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचे पैसे संगणकाच्या पोटात घालणारा गृहस्थ शहाणा की खुळा, हा प्रश्न यंदा आमच्या घरात महिनाभर गाजला. गृहस्थ अर्थातच मी. कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या यांसाठी आमचे राजूर ओळखले जाते. अशा गावी राहून भिंतींना चुना लागू नये, ही नामुष्कीच. "चुना भिंतींना लागला नाही, तुम्हांला लागला," असा निकाल सौभाग्यवतींनी देऊन टाकला. मराठीचा प्राध्यापक असूनही या कोटीला उत्तर मला अजून सुचलेले नाही.

झाले ते असे. माझे वडील येथील कोळशाच्या खाणीत १९६९ साली लागले. १९७३ च्या मे महिन्यात खाणी सरकारी झाल्या तेव्हा ते भूमिगत पाळीवर होते, आणि निवृत्त होईपर्यंत रोज जमिनीखाली उतरत राहिले. आता त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. खाणीने त्यांना दोन गोष्टी दिल्या : एक पेन्शन आणि दुसरा दमा. जन्मभर खाली उतरलेल्या या माणसाची एकच हौस राहून गेली होती, ती म्हणजे एकदा वर जाण्याची. "एकडाव विमानातून राजूर पाहाचा हाय," असे ते म्हणत. तरुणपणी रात्रपाळीला जाताना आकाशात सरकणारा दिवा दिसे, तो टपालाच्या विमानाचा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यात तथ्य असेलही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाच्या योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले, "विमानप्रवास नको. ही छाती तो सोसणार नाही." बाबा काही बोलले नाहीत. बोलले आमचे चिरंजीव : "आबाजी, मी तुम्हांला घरातूनच नेतो."

घरातल्या घरात उडण्याची ही कल्पना नवी नव्हे. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाने १९२९ साली वैमानिकांच्या शिक्षणासाठी न उडणारे विमान बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला असतात तशा भात्यांवर त्याने ती खोकी डोलवली. घरगुती संगणकावर हे विमान १९८० च्या सुमारास आले, आणि मायक्रोसॉफ्टने १९८२ साली आपले पहिले फ्लाइट सिम्युलेटर विकायला काढले. २०२० साली आलेल्या त्याच्या नव्या अवतारात तर उपग्रहांच्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा मुलूख उभा केलेला आहे. त्यात नागपूरचा विमानतळ आहे, वर्धा नदी आहे, आणि आमचे राजूरही आहे.

रविवारी संध्याकाळी बाबांना खुर्चीवर बसवले. नागपूरहून विमान सुटले आणि शहरावरून वळताना चित्र अडखळू लागले. एक धक्का, एक थांबा, पुन्हा धक्का. दोन मिनिटांत बाबांनी डोळे मिटून घेतले. "बंद कर बाप्पा. हे उचक्या देऊन राह्यलं. मले गरगरते." ते उठून ओसरीवर गेले आणि बराच वेळ खोकत बसले. चिरंजीवांचे तोंड एवढेसे झाले. त्या क्षणी भिंतींचा रंग माझ्या मनातून उडाला.

दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो आणि चिरंजीव माझे गुरू. मला कळले ते वाचकांनाही सांगतो.

पडद्यावरचे विमान म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली चित्रे. सेकंदाला ३० चित्रे हवीत, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने विमानाची चाल मोजायची, वारा मोजायचा, खालची घरे-झाडे मांडायची आणि मग चित्र रंगवायला ग्राफिक्स कार्डाकडे द्यायचे. आमचा प्रोसेसर २०१९ सालचा, एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६००. त्याला सहा कोअर, म्हणजे सहा हात. पण या खेळातले मुख्य काम बहुतांशी एकाच हाताला करावे लागते. लग्नघरात सहा आचारी असले, तरी फोडणी एकालाच द्यावी लागते. तो दमला की बाकीचे पळी घेऊन उभे. दोष नेमका कुठे आहे, हे चिरंजीवांनी सोप्या युक्तीने शोधले. त्यांनी पडद्यावरच्या चित्राची बारकाई कमी केली. ग्राफिक्स कार्डाचे काम हलके झाले, तरी उचक्या होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे अडत होता तो प्रोसेसर.

आधी आम्ही फुकटचे उपाय केले, आणि ते प्रत्येकाने आधी करावेत असे माझे मत आहे. दूरवरचा प्रदेश किती तपशिलाने मांडायचा, तो आकडा निम्म्यावर आणला. आकाशातली इतर विमाने आणि रस्त्यावरच्या मोटारी काढून टाकल्या. मग असे आढळले की ३२०० वेगाची म्हणून घेतलेली मेमरी इतकी वर्षे २१३३ वरच चालत होती. ती सेटिंग स्वतः चालू करावी लागते, हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. पंख्यावरची धूळ काढली, त्यात राजूरचा कोळसा आणि चुना समप्रमाणात निघाला. या साऱ्याने सुधारणा झाली, पण उचकी गेली नाही.

मग खर्चाची पाळी आली. आमच्या जुन्या बोर्डावर बसेल असा रायझन ७ ५७००एक्स३डी नावाचा प्रोसेसर २०२४ साली निघाला होता, तो घ्यायचे ठरले. गंमत अशी की कागदावर त्याचा सर्वोच्च वेग ४.१ गिगाहर्ट्‌झ, आणि आमच्या जुन्याचा ४.२. जास्त पैसे देऊन कमी वेग कशाला, असे मी विचारले. चिरंजीवांनी मला स्वयंपाकघरात नेले. मिसळणाचा डबा हाताशी असला तर फोडणी क्षणात होते, दर चिमटीला कोठीच्या खोलीत जावे लागले तर तेल करपते. प्रोसेसरच्या अंगातली कॅश मेमरी म्हणजे हा मिसळणाचा डबा, आणि बाहेरची मेमरी म्हणजे कोठी. जुन्याचा डबा ३२ मेगाबाइटचा होता. नव्यात एकावर एक थर रचून तो ९६ चा केला आहे. शिवाय त्याची घडणही एका पिढीने पुढची. विमानाच्या खेळात फेऱ्या वाचल्या की वेळ वाचतो.

नागपूरच्या एका दुकानातून तो आणला. जुना काढून नवा बसवला, बटण दाबले आणि पडदा काळाठिक्कर! जुन्या बोर्डाला नव्या प्रोसेसरची ओळख पटण्यासाठी त्यातली बायॉस नावाची मूळ आज्ञावली आधी नवी करावी लागते, हे दुकानदाराने विकताना सांगितले नव्हते. जुना प्रोसेसर पुन्हा बसवला. आता मेख अशी की ती आज्ञावली बदलताना वीज गेली, तर अख्खा बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. आमच्याकडची वीज कधी जाईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. ती पाच मिनिटे सारे घर त्या खोक्यासमोर श्वास रोखून उभे होते. चुन्याचा मुद्दा विसरून सौभाग्यवतींनी देवाजवळ दिवासुद्धा लावला. वीज गेली नाही.

शेवटचे काम उष्णतेचे. या प्रोसेसरबरोबर पंखा मिळत नाही, तो वेगळा आणि दणकट घ्यावा लागतो. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. खोलीच तापलेली, तर पंखा थंड हवा आणणार कुठून? आणि फार तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. याचा वेग वाढवण्याची सोय कंपनीने बंद ठेवली आहे. पण त्याला मिळणारे व्होल्टेज किंचित कमी करता येते. चिरंजीवांनी ते थोडेथोडे उतरवले, दर पायरीला तासभर चालवून पाहिले, संगणक एकदा बंद पडला तेव्हा एक पायरी मागे आले. अखेरीस चित्रे सेकंदाला चाळिसाच्या पुढे गेली. ती आम्ही मुद्दाम ३० वर बांधून ठेवली. कारण डोळ्यांना भोवळ येते ती वेग कमी-जास्त होण्याने. एकसारखी चाल असली की ३० पुरतात.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा खुर्चीवर बसले. नागपूर सुटले, बुटीबोरी गेली, वरोरा मागे पडले. वर्धा ओलांडली आणि चिरंजीवांनी विमान खाली घेतले. एकही उचकी नाही. बाबा पुढे वाकून पाहत होते.

"एवढासाच होय आपला राजूर?" ते म्हणाले. दोन घिरट्या झाल्या. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. "हे तर वरचं झालं. खालचं कुठं दाखवते?"

"खालचं नाही दाखवत, आबाजी."

"मंग थांबव विमान. मी सांगतो."

चिरंजीवांनी कळ दाबली. विमान राजूरवर अधांतरी थांबले आणि बाबा बोलू लागले : पहिल्या रात्रीचा अंधार, टोपीवरचा दिवा, छतातून ठिबकणारे पाणी, लाकडी टेकू करकरला की कोणत्या बाजूने पळायचे ते. साडेदहा वाजले तरी ते थांबले नाहीत. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी त्यांचा मुलगा आहे, पण यातले एक अक्षरही मी ऐकलेले नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

भिंती यंदा तशाच राहिल्या. विमान थांबले ती जागा चिरंजीवांनी जतन करून ठेवली आहे. रोज जेवणे आटोपली की ते संगणक लावतात, बाबा खुर्ची ओढून बसतात आणि आदल्या रात्री जिथे थांबले तिथून पुढे खाली उतरतात.