घर घेताना बाईने विचारायचे प्रश्न

परगावी घर घ्यायचे ठरले की आमच्या गोंदिया जिल्ह्यात बैठक बसते ती पुरुषांची. बाई चहा देते, दागिने काढून देते आणि शेवटी दाखवतील तिथे सही करते. काही विचारलेच तर ‘तुले काय समजते?’ हे उत्तर ठरलेले.

गोरेगाव तालुक्यातील एक अंगणवाडीताई माझ्याकडे आली. मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला घर हवे, म्हणून तिने प्लॉटसाठी सारी बचत दिली. इसारपत्र झाले, पैसे गेले. मग कळले, जमीन वडिलोपार्जित. विकणाऱ्याच्या दोन बहिणींची संमतीच नाही. बहिणी कोर्टात गेल्या. ताई म्हणाली, “त्या बायांनी माझं घर बुडवलं.” मला ते पटले नाही. घर बुडवले ते बहिणी जणू नाहीतच असे धरून चालणाऱ्या भावाने, आणि काहीच न विचारण्याच्या आपल्या सवयीने.

म्हणून व्यवहाराच्या बैठकीत आपण बसावे आणि विकणाऱ्याला तोंडावर विचारावे: ताजा सातबारा, शहरात असेल तर आखीव पत्रिका, कोणाच्या नावे आहे? जमीन अकृषिक झाली का, ले-आउट मंजूर आहे का? भोगवटादार वर्ग २ तर नाही? जमीन आदिवासीची असेल, तर बिगर-आदिवासीला विकण्याची सरकारी परवानगी कुठे आहे? बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा आहे का? मुखत्यारपत्रावर विकत असाल, तर मूळ मालक कुठे आहे? मिळालेली उत्तरे वकिलाकडून तपासून घ्यावीत आणि दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. त्याआधी इसार देऊ नये.

आणि एक प्रश्न मुळीच विसरू नये: तुमच्या आई-बहिणींची संमती आहे का? हक्कसोडपत्र केले असेल, तर ते नोंदवलेले आहे का? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. या प्रश्नाने आपला पैसा वाचतो, शिवाय एका अनोळखी बाईचा वाटाही राखला जातो. घेणारी प्रत्येक बाई हे विचारू लागली, तर बहिणीला वगळून जमीन विकणे भावाला सोपे राहणार नाही.

घरातही विचारायला हवे. राज्यात २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. त्यामुळे नवरे हौसेने बायकोचे नाव घालतात. पण खरेदीखत कुठे ठेवले आहे, कर्जाचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, हे किती जणींना ठाऊक असते?

शेवटचा प्रश्न स्वतःला. माहेरी भावाने ‘इथे सही कर’ म्हटले, तेव्हा आपण तो कागद वाचला होता का?