पोटावरची पिशवी आणि सजदा

आतड्याच्या ऑपरेशननंतर काहींना पोटावर स्टोमा आणि पिशवी लावून जगावे लागते. गळतीच्या धास्तीने काही बुजुर्ग मशिदीत जाणेच सोडतात. ही गळती बरीचशी टाळता येते.

परिचारिकांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ऑपरेशनआधी रुग्णाला निजवून, बसवून, उभे करून, वाकवून मगच पोटावर खूण करावी. जागा घडीत आली तर पिशवी नीट चिकटत नाही. म्हणून नर्सला रुकू-सजदाही करून दाखवा.

घरी पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करा. कातडी साध्या कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा. तेल लावू नका. स्टोमा लालसर, ओलसर असतो. काळपट पडला तर लगेच डॉक्टर गाठा.

वुजूचे आलिमांना विचारा. माजूरला शरीअतने सवलत दिली आहे. नमाज सोडण्याचे कारण नाही.