एलायझाचा उसना आवाज

शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलेले ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक १९५६ मध्ये ब्रॉडवेवर आले. जॉर्ज क्यूकर यांचा चित्रपट १९६४ चा. या कृतीचा विषयच वाणी आहे : फुलवालीची बोली बदलते, तसे तिचे सामाजिक स्थानही. चित्रपटात मात्र रंगभूमीवरील एलायझा, ज्युली अँड्र्यूज, हिला डावलून ऑड्री हेपबर्नची निवड झाली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायिली. पार्श्वगायनाला सरावलेल्या मराठी रसिकास यात वावगे वाटणार नाही. परंतु हिगिन्स साकारणाऱ्या रेक्स हॅरिसनचे गायन (ते गायन कमी, पठणच अधिक) चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित झाले. परिणामी शिक्षकाचा आवाज स्वतःचा, शिष्येचा उसना. एलायझाला स्वतःचा आवाज गवसणे हा ज्या संहितेचा गाभा, तिच्या बाबतीत ही केवळ तांत्रिक सोय मानता येत नाही.