तीन बाटल्या, तीन रंग

15 ऑगस्ट जवळ आला की बाजारातील दुकाने तीन रंगांनी भरून जातात. कागदी झेंडे, प्लॅस्टिकच्या पताका, बिल्ले, फुगे, मनगटात घालायच्या पट्ट्या अशा किती तरी वस्तू टांगलेल्या दिसतात. सकाळी झेंडावंदन होते, भाषणे होतात, मिठाई वाटली जाते. आणि 16 ऑगस्टला शाळेत येताना तुम्ही काय पाहता? गटाराच्या जाळीत अडकलेली पताका, सायकलच्या चाकाखाली दबलेला छोटा झेंडा. ज्या निशाणाला काल सलामी दिली, त्यालाच आज आपण ओलांडून जातो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की राष्ट्रीय सणाची सजावट शाळेने विकत आणू नये. ती मुलांनी आपल्या हातांनी करावी आणि त्यासाठी घरातील रिकाम्या काचेच्या बाटल्या वापराव्यात.

हे ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा हशा झाला. एक सहकारी म्हणाले, "सर, थोड्याशा पैशांत तयार माळ मिळते. बाटल्या रंगवून देशप्रेम वाढते का?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. बाटली रंगवल्याने कोणी देशभक्त होत नाही. पण माळ विकत घेतल्यानेही होत नाही. फरक एवढाच, की जी वस्तू दोन दिवस खपून तयार केली, ती रस्त्यावर टाकायला हात धजत नाही. विकतची वस्तू टाकताना हाताला काहीच वाटत नाही. शिवाय महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि आपल्या ध्वजसंहितेत प्लॅस्टिकच्या झेंड्याला जागाच नाही.

काचेचा आणि स्वातंत्र्याच्या चळवळीचा एक जुना संबंधही आहे. तो तुम्हाला माहीत असावा, असे मला वाटते. इंग्रजांच्या काळात काचेच्या बांगड्या आणि दिव्यांच्या चिमण्यासुद्धा परदेशातून येत. तेव्हा स्वदेशी उद्योग उभे करण्यासाठी अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करण्याचे काम हाती घेतले. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला. त्या पैसा फंडातून 1908 साली पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. पुढे कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, कदाचित त्यांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला असेल.

आता कामाकडे वळू. शरबत, सॉस, लोणचे यांच्या बाटल्या चांगल्या. कीटकनाशकाची बाटली मुळीच घेऊ नये, ती कितीही धुतली तरी नको. बाटली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की वरचा कागद निघतो. उरलेला चिकटा खाण्याच्या तेलाचे बोट फिरवून काढावा आणि नंतर साबणाने धुवावे. तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. बाटली पूर्ण सुकू द्यावी. चित्रकलेच्या तासाचे जलरंग येथे चालत नाहीत. काच पाणी शोषून घेत नाही, त्यामुळे ते ओघळतात किंवा सुकल्यावर पापुद्र्यासारखे सुटतात. ॲक्रिलिक रंग घ्यावेत. ऑइलपेंट वापरायचा असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ दिवा किंवा चूल नसावी, कारण टर्पेंटाइन लगेच पेट घेते. ब्रशऐवजी स्पंजाच्या तुकड्याने टिपत गेले तर रेघा उमटत नाहीत. आधी पांढरा हात द्यावा, तो सुकला की वर केशरी किंवा हिरवा. नाहीतर केशरी रंग फिकट, आजारी दिसतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर टिकतात. घाई करणाऱ्या मुलांच्या बाटल्या ओळखू येतात, त्यांच्यावर बोटांचे ठसे असतात!

येथवर कोणाचा फारसा विरोध नसतो. खरा वाद पुढे आहे. नववीच्या एका मुलीने मला विचारले, "सर, एकाच बाटलीवर तिन्ही पट्टे काढले आणि मध्ये अशोकचक्र काढले तर? त्यात फुले ठेवू." मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पण मी तर प्रेमाने काढते आहे."

तिच्या नियतीबद्दल मला शंका नाही. तरीही माझे उत्तर तेच आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा सांगतो, की कोणत्याही वस्तूवर काढलेले राष्ट्रध्वजाचे चित्र हेही राष्ट्रध्वजच समजावे. आणि 2002 ची ध्वजसंहिता सांगते, की ध्वजाचा उपयोग काही ठेवण्याचे किंवा वाहून नेण्याचे पात्र म्हणून करू नये. फडकवण्यापूर्वी ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवतात, तेवढीच सूट आहे. मग ध्वज रंगवलेली फुलदाणी कोठे बसते? त्या मुलीला कोणी शिक्षा करणार नाही, हे मीही जाणतो. पण बाटली कायम तिच्याजवळ राहणार नाही. ती एके दिवशी कबाडीवाल्याच्या पोत्यात जाईल, तिच्यात कोणी रॉकेल भरील, ती उकिरड्यावर पडेल. तेव्हा तिचे प्रेम त्या बाटलीबरोबर नसेल, चक्र मात्र असेल.

यावर उपाय सोपा आहे. तीन वेगळ्या बाटल्या घ्याव्यात. एक केशरी, एक पांढरी, एक हिरवी. चक्र नको, अक्षरेही नकोत. तिन्ही जवळ ठेवल्या की पाहणाऱ्याला जे समजायचे ते समजते, आणि वेगळ्या केल्या की त्या साध्या रंगीत बाटल्या उरतात. मांडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला उर्दूच्या सवयीने उजवीकडून सुरुवात करावीशी वाटते. पण ध्वज भिंतीवर उभा लावतात तेव्हा केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो. आपल्या बाटल्यांनाही तोच क्रम शोभेल. चोवीस आऱ्यांचे चक्र ज्याला काढायचे आहे, त्याने ते वहीत काढावे, कंपास घेऊन, पंधरा पंधरा अंशांवर. ते वाटते तितके सोपे नाही.

सण झाल्यावर बाटल्या पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवाव्यात, म्हणजे 26 जानेवारीला पुन्हा कामी येतील. हिरव्या बाटलीत मनीप्लँटची फांदी लावली तर ती वर्षभर वर्गाच्या खिडकीत राहू शकते. एखादी फुटली तर तुकडे जाड कागदात बांधून, वर 'काच' असे मोठ्या अक्षरांत लिहून वेगळे द्यावेत. ते तुकडे पुढे ज्याच्या हातात जातात, तो बहुतेक वेळा तुमच्याच वयाचा, कचरा वेचणारा मुलगा असतो आणि त्याच्या हातात मोजे नसतात.