मामुट्टी फक्त बाबासाहेबांच्या भूमिकेपुरता नाही

मामुट्टी म्हटलं की आपली पोरं जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सांगतात आणि तिथंच थांबतात. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ती आपल्या काळजातली आहे, मान्य. पण जातीवर बोट ठेवणारं या नटाचं काम त्याच्या आधीही आहे आणि नंतरही, असं आम्ही म्हणतो.

ऐंशीच्या दशकात हा देखणा हिरो एकाच साच्यात अडकला होता. हातात सुटकेस, सोबत लहान मूल, सुखवस्तू नवरा. केरळात त्यावर विनोद व्हायचे. १९८७च्या 'न्यू डेल्ही'ने तो साचा मोडला. पुढे अडूर गोपालकृष्णन यांच्या 'विधेयन'मध्ये तो भास्कर पटेलर झाला : गरिबाच्या अंगावर थुंकणारा, त्याच्या बायकोवर अत्याचार करणारा जमीनदार. त्याच सुमारास 'पोन्थन माडा'त चिखलात राबणारा माडाही तोच. १९९३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार या दोन्ही भूमिकांना मिळून आहे.

२०२२चा 'पुळू' मात्र प्रत्येकाने पाहाच. बहिणीने दलित रंगकर्मीशी लग्न केलं, हे त्यातल्या उच्चवर्णीय भावाला सोसत नाही. फ्लॅटमध्ये राहणारा, नीटनेटका, मुलाला शिस्त लावणारा हा माणूस. भास्कर पटेलर लांबूनही ओळखू येतो. हा आपल्या ऑफिसात शेजारी बसतो. इथं मामुट्टीचा देखणा, सभ्य चेहराच कामाला येतो.

मराठीतला कुठला देखणा हिरो असा भाऊ साकारायला तयार होईल?