विकणे आहे : एकांत

जाहिरातीची भाषा नीट वाचायला शिका, दोस्तांनो. "विकणे आहे. पाण्याला लागून, रस्त्यापासून आत, शेजार नाही, पूर्ण एकांत. तीन एकर. बंगल्याचे बांधकाम अर्धवट. किंमत समक्ष." अलिबाग-मुरुडकडं पाणी म्हणजे समुद्र, आमच्या मावळात पाणी म्हणजे पवनेचं धरण. माल एकच. देहूरोडच्या टपरीवर येणाऱ्या पेपरात अशा जाहिराती मी वाचतो आणि दरवेळी एकाच शब्दाला अडखळतो. एकांत.

एकांत म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या पल्याड, पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. हा एकांत आमच्या बापजाद्यांना फुकट मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या मिळाला. त्याला दलाल लागला नाही, दस्त लागला नाही. आज तोच एकांत शहरातला शेठ कोटीत विकत घेतो. फरक एवढाच की त्याला हवा तेव्हा तो गेट उघडून बाहेर येतो. आम्हाला बाहेर यायला महाड आणि काळाराम करावं लागलं.

दुसरा शब्द अर्धवट. शेठचं अर्धवट म्हणजे जोतं झालंय, कॉलम उभे आहेत, सळया आभाळाकडं तोंड करून गंजतायत. तरी किंमत चढतीच. आमचं अर्धवट म्हणजे घरकुल. २६९ चौरस फुटांचं घर, आणि केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी ठरलेली मदत १ लाख २० हजार. हप्ता अडकला की भिंत अडकते. भिंत अडकली की ग्रामसेवक म्हणतो, आधी काम दाखवा, मग हप्ता. शेठचं अर्धवट घर गुंतवणूक आणि आमचं अर्धवट घर आळशीपणा! ही भाषा कुणी ठरवली?

आणि पाणी. १९२७ साली आम्ही महाडला गेलो ते पाणी प्यायला. हे पैसे मोजतात ते पाणी बघायला. पवना धरण १९७२ साली पूर्ण झालं. त्याच्या पोटात मावळातल्या शेतकऱ्यांची घरं-शेतं गेली. खातेदार बाराशेच्या वर. थोड्यांना जमीन मिळाली, बाकीचे अर्ज घेऊन दशकानुदशकं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला द्रुतगती मार्गावर पवनेच्या बंद पाइपलाइनविरुद्ध आंदोलन झालं. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन माणसं मेली, त्यात एक बाई. त्याच पाण्याच्या काठावर आता बंगल्याचे प्लॉट आखतात आणि दर ठरतो तो पाणी किती दिसतं यावर.

ही आजची गोष्ट नाही. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. पुढं त्याच मुळशीच्या डोंगरात लवासा उभं राहिलं, धरणाच्या पाण्याकाठचं शहर. २०१० साली पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. लोणावळ्यापल्याडची ॲम्बी व्हॅली २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं लिलावात काढली. राखीव किंमत ३७ हजार कोटींच्या वर, आणि घ्यायला कुणी पुढं आलं नाही. बघा, मोठ्याचं अर्धवट घर बुडायला लागलं की कोर्ट, बँका, वकील सगळे धावतात. धरणात ज्याचं घर बुडालं त्याच्यासाठी कोण धावलं?

आता मुद्द्यावर येतो. ही तीन-तीन एकर जमीन येते कुठून? काही कुणब्याची, काही ठाकर-कातकऱ्याची, आणि काही आमची. महार वतनाची. गावाची रात्रंदिवस ताबेदारी करायची, सरकारी निरोप वाहायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि बदल्यात हा तुकडा. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानं वतन गेलं आणि जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून नवीन शर्तीनं परत मिळाली. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, भोगवटादार वर्ग २. म्हणजे मनमानी विकता येत नाही, परवानगी लागते, नजराणा लागतो.

दलालाला हे आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. तो खरेदीखत करतच नाही. आधी विसारपावती. मग कुलमुखत्यारपत्र. मग बहिणींकडनं हक्कसोड, चहा पाजून. शर्तीचं काम तो वर जाऊन करून आणतो. माझ्या चुलत्याची जमीन अशीच गेली. आत्याला सही करताना सांगितलं, कर्जाचा कागद आहे. आज त्या जागेवर अर्धा बंगला उभा आहे आणि माझा चुलतभाऊ त्याचा राखणदार. पत्र्याच्या शेडात राहतो. मालक वर्षातून दोनदा येतो. स्वतःच्या बापाच्या जमिनीवर पोरगा दुसऱ्याचा एकांत राखतो. वतन गेलं म्हणता? मग ही ताबेदारी कसली?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याचा व्यवहार गाजला. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, कागदावर ३०० कोटी, मुद्रांक ५०० रुपये. बोंब झाली तेव्हा व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. चार दिवस टीव्हीवर नेत्यांची नावं गाजली. मूळ वतनदार कोण, त्यांच्या हातात काय पडलं, हे किती जणांनी विचारलं? आणि मुंढवा दिसला कारण तो मोठा होता. मावळातला दीड एकर कुणाला दिसतो?

आता आपलेच काही शहाणे म्हणतात, बाबासाहेबांनीच वतन सोडायला सांगितलं, शहरात जायला सांगितलं, मग त्या तुकड्याला कवटाळून का बसायचं? असं म्हणणाऱ्यानं बाबासाहेब अर्धाच वाचलाय. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाचं बिल आणलं ते चाकरी तोडायला. जमीन सोडायला नाही. पूर्ण सारा भरू, जमीन रयतेसारखी कसू, पण गावाची गुलामी करणार नाही, हा त्याचा गाभा. पुढं १९५९ साली आणि १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या मागं माणसं तुरुंगात गेली ती जमीन मागायला. ज्यांच्या बापानं जमिनीसाठी तुरुंग भोगला, त्यांनी ती एका विसारपावतीवर सोडायची?

दुसरा सवाल खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. पोरीचं शिक्षण, आईचं ऑपरेशन, डोक्यावर सावकार. माणूस विकणार नाही तर काय करील? मी त्या माणसाला शिव्या देत नाही. अडल्यावर विकणारा गुन्हेगार नव्हे. गुन्हेगार तो, जो त्याला अडलेला हेरतो. आणि हा हेरणारा पुष्कळदा निळा गमछा घालून आपल्याच वस्तीत फिरतो, जयंतीची वर्गणी जमवतो, भाषणात क्रांती करतो. शेठला वस्तीचा रस्ता दाखवणारा हाच. त्याला स्टेजवरून खाली उतरवा. मोर्चाइतकंच ते काम महत्त्वाचं आहे.

कामं साधी आहेत, घोषणा नकोत. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा सातबारा आणि फेरफार काढा. वर्ग २ कुठं आहे, इतर हक्कात काय लिहिलंय, वाचा. आत्या-बहिणींची वारस नोंद झाली का बघा. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका हक्क दिलाय, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. न वाचता कुणी अंगठा देणार नाही, सही करणार नाही, एवढा एक ठराव प्रत्येक वस्तीनं करावा. ज्याला खरोखर विकावंच लागतंय त्याच्यासोबत चार शिकलेली पोरं बसावीत, म्हणजे निदान भाव तरी तो ठरवील.

कारण हा सगळा धंदा आपल्या एकटेपणावर चालतो. एकटी म्हातारी, एकटा कर्जदार, एकटी बहीण. त्यांना हवा असलेला खरा एकांत हाच आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातनं आणलेली बुद्धमूर्ती इथं देहूरोडला बसवली, तेव्हापासून त्या दिवशी माणसं इथं येतात. यंदा याल तेव्हा फुलांसोबत घरचा सातबारा घेऊन या. विहाराबाहेर सतरंजी टाकून आम्ही बसलेले असू. रांगेनं वाचून दाखवू.

जयभीम.